काटा थांबेपर्यंत

गुंजाळ सर आज दुकानात आले आणि आत डोकावून म्हणाले, "आबा आहेत का?" बोलून गेले आणि मग हातातली पेटी तशीच धरून उभे राहिले. तुमच्या तेराव्याला ते दौंडहून आले होते, शेवटपर्यंत थांबले होते, तरी तोंडाची सवय जात नाही. मी म्हटलं, "ठेवा सर ती. जड आहे." माझी तरी सवय कुठं गेली आहे? ताट वाढताना मी अजून आमटीची वाटी तुमच्या उजव्या हाताच्या बोटांना लागेल अशी कडेला ठेवते. मग ती माझ्याकडं ओढून घेते आणि जेवते.

त्यांच्या शाळेनं प्रयोगशाळेसाठी दुसरा पॉवर सप्लाय घेतला होता, वेगळ्या कंपनीचा. तोही बिघडला. सर म्हणाले, "तुमचा विजय सांगत होता, तुम्ही आता दौंडला मुलाकडंच येणार म्हणून. मग हा पुण्याला पाठवू का?" मी म्हटलं, "राहू द्या इथंच. बघते." का म्हटलं ते मलाही कळलं नाही. सर गेल्यावर पेटी बाकावर घेतली, तुमच्या स्टुलावर न बसता उभ्यानंच तिचे स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत माझ्या हाताला जे लागलं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण त्याच्या आधी गेल्या माघातलं सांगायला हवं. ते तुम्ही असताना सांगायचं होतं. आपल्या घरात बोलायचं काम रेडिओ करायचा आणि आपण दोघं गप्प बसायचो, त्यात ते राहून गेलं. राहून गेलं असं तरी कसं म्हणू. मी राहू दिलं.

तुमचे डोळे नेमके कधी गेले हे मला माहीत नाही, कारण तुम्ही ते मला कधी सांगितलंच नाहीत. पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू म्हटलं, गेलं ते परत यायचं नाही म्हणाले, आणि परतीच्या एसटीत तुम्ही कंडक्टरशी उसाच्या ट्रॅक्टरांवरून वाद घालत आलात. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. नंतर कधीतरी एका दुपारी, बाहेर रस्त्याकडं बघवत नव्हतं इतकं ऊन होतं, तेव्हा तुम्ही एक रेझिस्टर माझ्यापुढं धरलात आणि म्हणालात, "बघ गं जरा. हितं उजेड कमी हाय. पट्टे कंचे हायेत?"

मी म्हटलं, "तपकिरी, काळा, लाल."

"हां. मला बी तसंच वाटलं."

झालं. त्यावर आपण पुन्हा कधी काही बोललो नाही. त्या दुपारपासून आपल्या दुकानातला उजेड कायमचा कमी झाला. तुम्ही वस्तू पुढं करायची, मी वाचायचं. रंगाचे पट्टे, कंडेन्सरवरचे आकडे, मीटरचा काटा. सातवीपर्यंतची माझी शाळा तेवढ्याला पुरली. सोल्डर तुम्ही बोटानं चाचपून द्यायचात आणि मी म्हणायची, "थोडं डावीकडं", जशी काही मी देवघरातली तसबीर सरळ करून घेतेय. शिरूरमध्ये कुणाला पत्ता नव्हता. शेजारच्या सायकलवाल्या हरिभाऊंना तर वाटायचं की मी तुमच्यावर पाळत ठेवते. "काय वयनी, आबा पळून जात्यात का काय कुठं?" तुम्ही डोकं वर न करता म्हणायचात, "अरं, माझं लायसन हिच्या कमरंला हाय. हिच्याबिगर दुकान उघडाय परवानगी न्हाई." हरिभाऊ हसायचे. मीही हसायची. तुम्ही खरं तेच बोलत होता हे आपल्या दोघांनाच ठाऊक.

पण मला ते दुकान नको झालं होतं. हे पहिलं खरं.

एकदा तुम्ही सोल्डरिंगची तापलेली डागणी उलट्या बाजूनं धरलीत. आवाज नाही केलात. मी स्वयंपाकघरातून आले तर तुम्ही बोट तांब्यात बुडवून बसलेले आणि मला म्हणता, "तहान लागली व्हती." दुसऱ्यांदा त्या मोठ्या वॉल्वच्या रेडिओनं तुम्हाला झटका देऊन स्टुलावरून फेकलं. भिंतीला पाठ लावून तुम्ही बसला होता, टोपी एकीकडं, आणि रेडिओवर भाजीपाल्याचे भाव चालले होते. त्या दिवशी मी ठरवलं की हे बंद व्हायला पाहिजे.

आणि हे दुसरं खरं, जे पहिल्याच्या मागं मी लपवत आले. मला काळजी तुमची होती, पण ओढ माझीच होती. विजय दौंडला रेल्वेत लागला, क्वार्टर मिळालं, सूनबाईला, सुनंदाला, दिवस गेले. मला माणसांच्या घरात राहायचं होतं. आपल्या घरात जो आवाज यायचा तो पेटीतून यायचा. तुम्ही दुरुस्त केलेल्या रेडिओपुढं तासन् तास मान कलती करून बसायचात, खरखर कुठून येते ते ऐकत, आणि मी तुमच्या शेजारी बसून वाट बघायची, की हा आवाज बंद झाल्यावर हे माझ्याशी काही बोलतील. तुम्ही म्हणायचात, "दुसरा दे."

दौंडचा विषय मी काढला की आपलं ठरलेलं बोलणं व्हायचं.

"जाऊन करू काय मी थितं?"

"नातवंडाला खेळवा."

"आन् ते झोपल्यावर?"

मी ताटं उचलायला लागायची. एकदा मात्र चिडून मी म्हटलं, "त्याच्याशेजारी झोपा." तुम्ही बराच वेळ हसत होता. पण गेलो नाही आपण.

त्याच हिवाळ्यात इनामगावला जुनी वस्ती उकरायला आलेली पुण्याची कॉलेजातली मुलं त्यांचा ट्रान्झिस्टर घेऊन आली होती, आठवतं? सगळ्यांच्या चपलांना घोडनदीकाठची माती. ट्रान्झिस्टर होईपर्यंत त्यातल्या एका मुलीनं पिशवीतून खापराचा तुकडा काढून तुमच्या हातात ठेवला. गंमत म्हणून. तुम्ही त्याच्यावरून अंगठा फिरवलात, एकदा, दोनदा, आणि म्हणालात, "ह्याच्यावर काय तरी काढलंय. रेघा हायेत." ती मुलगी म्हणाली, "आबा, रंग कुठं बोटाला कळतो? तुम्ही बघितलंत." तुम्ही म्हणालात, "व्हय, बघितलं की." आणि तुकडा परत दिलात. काळ्या रेघा होत्या त्याच्यावर, लाल मातीवर. मी ते पाहिलं, ऐकलं आणि उठून चहा ठेवायला गेले. अहो, मी कशी इतकी वेडी? सगळं माझ्यासमोर घडत होतं.

मग माघात गुंजाळ सर पहिली पेटी घेऊन आले. शाळेत मुलांची प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आलेली आणि प्रयोगशाळेत तो एकच सप्लाय. "आबा, खुंटी फिरवली तरी व्होल्ट कमीच होत नाहीत. आकडा वर जाऊन बसतो तो बसतोच. आत सगळं त्या चिपवर आहे म्हणे." सर चिप म्हणायचे, पुण्याचे दुकानदार आयसी म्हणायचे आणि तुम्ही किडा म्हणायचात. काळा, चपटा, दोन्ही बाजूंना सात-सात पाय. तुम्हाला तो मुळीच आवडायचा नाही. "वॉल्व मरताना सांगून मरतो. हा किडा काय बोलत न्हाई. उघडून बघावं तर आत जायाला दार न्हाई." तरी सरांसमोर, मला ऐकू जाईल असं, तुम्ही म्हणालात, "ठेवा. हे जमलं न्हाई तर फळ्या लावायच्या आन् आम्ही दोघं दौंडला. व्हय ना गं?"

मी म्हटलं, "व्हय."

तुम्ही शब्द दिलात तर मोडत नाही हे मला माहीत होतं. म्हणून तर.

बाकी सगळं तुम्ही एका सकाळीत तपासलंत. ट्रान्सफॉर्मर बरा, डायोड बरे, पाठीमागचा मोठा ट्रान्झिस्टर बरा. राहिला किडा. तुम्ही सगळे भाग बसवलेली प्लेट उचलून माझ्यापुढं धरलीत आणि म्हणालात, "बघ गं, उजेड कमी हाय. काय लिवलंय ह्याच्यावर?"

पांढऱ्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं. पुढं इंग्रजी अक्षरं आणि मग सात, दोन, तीन. आपल्या पंचांगातल्या आकड्यांपेक्षा स्वच्छ. मी वाचलं. आणि म्हटलं, "पुसलाय हो. कंपनीवाल्यांनी घासून टाकलाय."

हे सुचलं कसं तर तुम्हीच कधीतरी सांगितलं होतं. काही कंपन्या आयसीवरचा नंबर पॉलिशच्या कागदानं घासून टाकतात, दुसऱ्या कुणाला माल उचलता येऊ नये आणि दुरुस्तीला त्यांच्याच दारी यावं म्हणून. तुम्ही त्याला पाप म्हणायचात. "वस्तूचं नाव पुसायचं म्हंजी काय?" असं विचारायचात. तेच मी केलं, कागद न लावता.

तुम्ही प्लेट स्वतःकडं घेतलीत. आयसीच्या पाठीवरून अंगठा फिरवलात. मग म्हणालात, "नीट बघितलंस ना?"

"बघितलं."

पुन्हा एकदा अंगठा फिरवलात, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "बरं," म्हणालात. "पुसला तर पुसला. आपण पायांवरनं वळखू त्याला."

मला वाटलं होतं तुम्ही प्लेट खाली ठेवाल. नंबर नाही तर दुकानात मागायचं काय? पण डोळे होते तेव्हा तुम्ही कुठल्याशा पुस्तकात अशा किड्यांचे नकाशे पाहिले होते आणि ते तुमच्या डोक्यात जसेच्या तसे होते. दोन दिवस तुम्ही प्लेटची उलटी बाजू नखानं वाचत बसलात. कुठल्या पायापासून निघालेली रेघ कुठं जाते. मला सांगायचात, "हा सातवा हितनं थेट उण्याला गेला. आन् हा मोठ्या ट्रान्झिस्टरला हुकूम देतो." तुमच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत असा आनंद मी पाहिला नव्हता आणि मला तो बघवत नव्हता. मी कपडे धुवायला नदीवर निघून जायची.

मग एका दुपारी म्हणालात, "आता फकस्त एक बघायचं. सहाव्या पायावर सात व्होल्ट आले, सातच्या जरा वर, तर हा तोच. दुसरा कुनी असूच शकत न्हाई. तू काटा बघ."

पाय तुम्ही मोजलेत. खुणेच्या खाचेपासून नखानं एकेक. चटका बसलेलं ते बोट अजून नीट बरं झालं नव्हतं, त्याच बोटानं मीटरची तांबडी वायर सहाव्या पायावर दाबून धरलीत. "खटका दाब," म्हणालात. मी दाबला. "काटा कुठं हाय?"

काटा सातच्या जरा पुढं उभा होता.

मला एवढंच म्हणायचं होतं, हलत नाही. किंवा तीन. किंवा पंधरा. कुठलाही आकडा, सात सोडून. मग फळ्या, मग दौंड, मग सुनंदाच्या स्वयंपाकघरातली गडबड, शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका, भिंतीपलीकडचं भांडण, गाड्यांच्या शिट्ट्या. मी काट्याकडं बघत राहिले. बाहेर हरिभाऊ कुणाच्या तरी ट्यूबमध्ये हवा भरत होते, पंपाचा आवाज येत होता.

तुम्ही मान वर केली नाहीत. "घाई न्हाई," म्हणालात. "काटा थांबू दे."

पंप थांबला. हरिभाऊंनी ट्यूब पाण्यात बुडवली असावी. तुमचं बोट पायावर तसंच होतं, टोकाशी पांढरं पडलेलं.

मी म्हटलं, "सात. सातच्या जरा वर."

तुम्ही हसलात. मला वाटलं, आयसी सापडला म्हणून.

"सातशेतेवीस," म्हणालात. "पुण्याला जा आन् सातशेतेवीस माग. आन् त्याचा बेस बी आण. बसवायचा बेस, मग किडा वरनं नुसता दाबायचा. पुढच्या येळंला सोल्डर करायची गरज न्हाई. तुला एकटीला बदलता यील."

मला एकटीला. मी ते तेव्हा ऐकलंच नाही. मी रागात होते. माझ्यावरचा राग होता, पण तो तुमच्यावर काढायला सोपा.

पुण्याच्या तपकीर गल्लीतला दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला. "मावशी, सातशेतेवीस कोणाला पाहिजे? मुलगा शिकतो का?"

मी म्हटलं, "घरातच लागतो."

"घरात? कशाला?"

"भाकरीत घालते. मऊ होतात."

गल्लीतली माणसं हसली. मीही एसटीत बसल्यावर तोंडाला पदर लावून हसले. ठरवलं की घरी गेल्यावर तुम्हाला सांगायचं. घरी आले तर तुम्ही दारात उभे होता, कान रस्त्याकडं लावून, आणि म्हणालात, "आणला?" मी पुडी तुमच्या हातात दिली आणि चुलीकडं गेले. भाकरीचं सांगितलंच नाही. तुम्हाला ते इतकं आवडलं असतं. हरिभाऊंना तुम्ही रोज सांगितलं असतंत.

जुना किडा काढताना तुम्ही म्हणालात, आधी त्याचे पाय कापू. "मेलेल्याला जपायला जाऊ नगं, प्लेट जप." मी कटरनं एकेक पाय कापला, तुम्ही धड उचलून स्क्रूच्या डब्यात टाकलंत. मग राहिलेले तुकडे गरम करून चिमट्यानं ओढले, भोकं सुईनं मोकळी केली. बेसचे चौदा पाय मी सोल्डर केले. तुम्ही प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून पाहिलंत आणि दोन पुन्हा करायला लावलेत. नवा आयसी तुम्ही स्वतः दाबलात, त्याची खाच बोटानं शोधून. खटका दाबला. मी खुंटी फिरवली आणि काटा तिच्याबरोबर खाली आला, वर गेला, परत खाली आला.

"येतोय?"

"येतोय."

तुम्ही टोपी काढून डोक्यावरून हात फिरवलात. मग म्हणालात, "आता जाऊ दौंडला. तुला जायचं तर जाऊ. पण चालू दुकान सोडून जाऊ, बंद पडलं म्हणून न्हाई."

मी याचा अर्थ टोमणा असा घेतला. मला वाटलं, जिंकल्यावर हे दान करतायत. मी म्हटलं, "राहू द्या. तुमचं दुकान तुम्हाला लखलाभ." आणि तो विषय मी पुन्हा काढला नाही, तुम्हीही नाही. सगळं वर्ष मी तुम्हाला आकडे वाचून दाखवले, रंग सांगितले, एकही चुकीचा नाही, आणि त्यापलीकडं फारसं बोलले नाही. नात झाली तेव्हा आपण दौंडला गेलो. तुम्ही तिच्या पायाची बोटं अंगठ्यानं मोजलीत आणि सुनंदाला म्हणालात, "सगळे पाय ठीक हायेत." ती हसून हसून रडली. मी बाजूला उभी होते. येताना गाडीत तुम्ही म्हणालात, "दिवाळी झाली की बघू." मी काय बघू ते विचारलं नाही.

दिवाळी झाली. तुम्ही स्टुलावरच गेलात, बाकावर डोकं टेकून, रेडिओ चालू होता. मी आत होते. आवाज चालू आहे म्हणजे तुम्ही आहात, असंच मी धरून चालले. किती वेळ ते मला माहीत नाही आणि त्याचा विचार मी करत नाही.

आता आजचं सांगते.

सरांच्या नव्या पेटीतली प्लेट मी उजेडात धरली. तसाच किडा, चौदा पायांचा. आणि त्याच्या पाठीवर काही लिहिलेलं नव्हतं. खरंच पुसलेला होता. कंपनीनं घासलेला. मी इतकी वर्षं ऐकत होते, पण घासलेला आयसी माझ्या हातात कधी आला नव्हता. मी सहज त्याच्यावरून अंगठा फिरवला.

खरखरीत होता, अहो. पॉलिश पेपर लावलेल्या पाटासारखा. डोळे मिटले असते तरी कळलं असतं.

मी स्क्रूचा डबा बाकावर पालथा केला. तुम्ही टाकलेला तो जुना किडा तळाशी होता, पाय कापलेला. त्याच्यावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. आणि गुळगुळीतावर किंचित काही उठून आलेलं. माझा अंगठा तुमच्यासारखा नाही, मला ते वाचता आलं नाही. पण लिहिलेलं आहे एवढं मलासुद्धा लागलं. तुम्हाला तर खापरावरच्या रेघा लागल्या होत्या.

तुम्हाला पहिल्या क्षणालाच कळलं होतं. तुम्ही दोनदा अंगठा फिरवलात, मला एकदा विचारलंत आणि "बरं" म्हणालात. हरिभाऊंना हाक मारून आकडा वाचून घेता आला असता. गुंजाळ सरांना विचारता आलं असतं. तुम्ही कुणालाच विचारलं नाहीत. मी खोटी पडले असते ना. त्यापेक्षा दोन दिवस नखानं रेघा वाचत बसलात. आणि तो आयसी कुणाच्याही नजरेला पडेल अशा डब्यात वर्षभर राहिला. मी त्या डब्याला हात लावत नव्हते एवढंच.

मग मी मीटर घेतला. तुमच्या स्टुलावर बसले, पहिल्यांदाच. सरांच्या प्लेटवरच्या किड्याचे पाय खाचेपासून मोजले आणि तांबडी वायर सहाव्यावर धरली. खटका दाबला. काटा उठला, सातच्या जरा पुढं गेला आणि थांबला. पापणी लवायच्या आत. मी खटका बंद करून पुन्हा दाबला. पुन्हा तसंच. आपल्या मीटरचा काटा थांबायला वेळ घेतच नाही. तुमच्या हातात तो माझ्याही आधीपासून होता, हे तुम्हाला माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

त्या दुपारी तुम्ही मान खाली घालून, दुखऱ्या बोटानं तो पाय दाबून, इतका वेळ बसून राहिला होता. "घाई न्हाई" म्हणाला होता. आता कळतं मला, कशाची वाट बघत होता ते. आणि मी सात म्हटल्यावर का हसलात तेही.

विजयला उद्या निरोप पाठवते की आठवड्यानं न्यायला ये. त्याच्या आधी पुण्याला जाऊन आयसी आणि बेस आणायचा आहे. पेटी चालू करून सरांच्या हातात देईन, मग फळ्या लावीन. तुम्ही म्हणाला होता तसं जाईन. तो जुना किडा मात्र बरोबर नेणार आहे.

काय लिवलंय ह्याच्यावर, असं तुम्ही मला विचारलं होतं, ते अजून माझ्याकडं तसंच पडून आहे. बाहेर ऊन आहे, फळ्या उघड्या आहेत, इथं उजेड भरपूर आहे. मी नीट बघितलं आहे. सातशेतेवीस लिहिलंय, अहो. सात, दोन, तीन.